खळ

वडगावातल्या आमच्या गल्लीत
माग बंद असतात ते फक्त अमावास्येला.
त्या दिवशी मला नीट कळायचं
की माझा उजवा कान
रोजच अमावास्या पाळतो.

धोटा उडाला होता.
टोक गालाला चाटून गेलं,
सपाट अंगाचा मार कानावर.
आत काहीतरी टर्रकन फाटलं
ते मी एकटीनंच ऐकलं.
मालक म्हणाले, डोळा वाचला, मग झालं.

अकरा वर्षं.
एका कानाला आवाज कळतो,
कुणीकडून आला ते कळत नाही.
कुकर पाठीमागं शिट्टी देतो, मी दाराकडं बघते.
"कुणीकडं बघूलालीस गं?"
सासूचं हे वाक्य रोज दोनदा तरी.

डॉक्टर हिरेमठ वयानं माझ्या धाकट्या जावेएवढी.
कागद कानडीत होता. तिनं तो
अडखळत मराठीत वाचला, माझ्या डाव्या कानाशी वाकून.
'भोक' तिला सापडेना, 'रंध्र' म्हणाली.
म्हणाली, रंध्र आहे म्हणून जास्त ऐकू येत नाही,
पडदा अख्खा असला
तरच पलीकडचं अलीकडं येतं.
सही करताना मी हे मनात
पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

कानामागं कापणं नको, टाके नकोत.
कडा थोड्या खरवडायच्या,
जुनी जखम ताजी करायची,
वर जेलचा एक ठिपका.
"तुमचीच कातडी त्याच्यावरून
कडेकडेनं चालत येईल."
आणि जेल?
"विरघळून जाईल. त्याचं काम तेवढंच."

मी हसले. तिला वाटलं, समजलं नाही मला.
बाई, म्हटलं, ही तर खळ.
आजा पहाटे गल्लीभर ताणा ताणायचा,
कुत्री उठायच्या आत,
आणि कुंच्यानं सुताला तांदळाची खळ पाजायचा.
खळ नसली तर सूत फणीत पिंजतं,
तुटतं, आणि दिवस गाठी मारण्यात जातो.
लुगडं झालं की पहिल्याच धुण्यात
ती पाण्याबरोबर जाते.
नेसणारीला तिचं नाव कोण सांगतो?

डॉक्टरनं शब्द कागदाच्या मागं लिहून घेतला,
कानडी अक्षरांत.
ळ तिच्याकडंही होता.

मग नाक शिंकरायचं नाही,
डोक्यावरून पाणी नाही,
कानात व्हॅसलिनचा कापूस.
नवऱ्याला धास्ती, एवढ्या खटखटाटात
ते विरघळायचं कशाला, उडूनच जाईल.
मी कांड्या भरत राहिले.
एका रात्री आत टिचल्यासारखं झालं,
उठून बसले, उजाडेपर्यंत.

महिन्यानं तिनं नळीतून बघितलं.
जेल दिसत नाही म्हणाली.
रंध्र आहे अजून, टाचणीच्या डोक्याएवढं.
भरेल. किंवा तेवढंच राहील.

परवा अमावास्या. माग बंद.
नळाच्या रांगेत कुणीतरी हाक मारली, "अक्का."
कानडीतली की मराठीतली, काय सांगू,
अक्का दोन्हीकडं अक्काच.
मी वळले. उजवीकडं.
तिथं खरंच एक बाई उभी होती,
रिकामी घागर कमरेवर, चिडलेली.
म्हणाली, सरका की जरा.