मतलई असेतोवर

पहाटे सहाला बस्त्यावच्या गॅरेजात
फळीवर मांडलेल्या पत्र्याच्या अकरा डब्या.
विश्रामने बंदराबंदरांतून जमवलेले सिनेमे.
तो बोटीवर. डब्या वेंगुर्ल्यात, माझ्या गळ्यात.

"दोन वाटे क्लिअर, एक वाटो हार्डनर.
हात थांबलो की ओघळ,
हात लांब गेलो की संत्र्याची साल."
चाळीस वर्षं रिक्षांच्या पाठी चकाकवलेला माणूस
आज पहिल्यांदाच चष्मा पुसून बसलाय.
आणि घाई. मतलई आहे तोवरच.
दहा वाजले की वारा फिरतो,
खारी ओल थरात शिरते
आणि नायकाला मोतीबिंदू होतो.

पहिला हात: नुसतं धुकं.
दुसऱ्या हाताला रंग खोल गेले,
विहिरीत वाकून बघावं तसे.

नवव्या डबीवर चिलट उतरलं,
खलनायकाच्या पांढऱ्या शर्टावर, सहाही पाय रोवून.
चिमट्याने काढलं. एक पाय राहिला.
विश्रामला कळवायचं नाही, असं ठरलं.

अकरावीच्या पाठीवर गंजाचा भोवरा:
रेषा मोजता येतील असा अंगठा.
घामेजल्या हाताने धरली असणार,
कुठल्याशा बंदरात, सुटे पैसे शोधताना.
"घासून काढ, नायतर आतसून पसरतलो."
दोन हजार नंबरचा पेपर भिजवला.
टेकवला.
उचलला.
मग स्प्रेगन घेतली.

आता तो काचेखाली आहे,
उन्हात तिरका धरला तर जास्तच ठळक.
बस्त्याव काही बोलला नाही.
पैसे मात्र दहाच डब्यांचे घेतले.