ए विंगमधली भुतं

उत्तरेश्वर पेठेत आमचं घर.
पंचगंगेकडनं वारा सुटला
की वाळत घातलेल्या कपड्यांना स्मशानाचा वास यायचा,
आई ते परत धुवायची, काही न बोलता.
अवसेला ती भावावरनं भाताचा मुटका उतरायची,
वर कुंकू, काळे उडीद,
आणि तिकटीला ठेवून यायची, मागं न बघता.
मागं मी बघायचे.
एकदा एक कुत्रं तो मुटका खात होतं,
अगदी सावकाश, जेवायला बोलावल्यासारखं.
बरीच वर्षं भूत म्हटलं
की मला ते कुत्रंच दिसायचं.

लग्न झालं गणिताच्या मास्तरांशी.
पहिल्याच सर्वपित्रीला रात्री हे म्हणाले, चप्पल घाल.
दहा-बारा जण, दोन बॅटऱ्या, पिशवीत भडंग.
स्मशानात बसून खायचं आणि भीती मोडायची,
असा कार्यक्रम होता.
मी खाल्लं. कांदा कमी होता.
सगळ्यांपुढं सांगितलं, मला काहीच वाटलं नाही.
खरं तर पदराआडून
ह्यांच्या सदऱ्याचं टोक मी मुठीत धरलेलं,
आणि ह्यांनी ते सोडवून घेतलं नव्हतं.

मग शिवणयंत्र, मुलगी, कर्ज,
रुईकर कॉलनीतला तिसरा मजला.
आणि एका ऑक्टोबरात मगदूम वहिनी वर्गणीला आल्या,
म्हणाल्या, यंदा हॅलोविन करायचं ठरलंय.
मी म्हटलं, का हो, आपल्यात भुतांचा तुटवडा पडला काय?
त्या रात्री दिवा मालवून आत बसले.
मुलांनी दोनदा दार वाजवलं.
बाहेर कुजबुज: आजी झोपल्या.
हे अंधारात म्हणाले, आजी झोपलेली नाही, आजी भ्याली.
मी चार दिवस बोलले नाही.

पुढच्या वर्षी नऊ काळे झगे शिवायची ऑर्डर आली,
साडेतीनशे रुपये शिलाई, टोप्या वेगळ्या.
नवरात्राचे ब्लाऊज संपलेले, दिवाळीचे यायचे.
शिवले.
माणसाचं मत असं बदलतं, उगाच मोठं कारण कशाला सांगू.
मापं घेताना एकेक चेटकीण
गुदगुल्या होऊन हसायची.

यंदा लाल भोपळा मीच आणला, कपिलतीर्थातनं.
डोळे कोरताना टेंबलाई आठवली,
ललिता पंचमीला तिथं कोहळा फोडतात, राक्षसाचं डोकं म्हणून,
आणि भाऊ गर्दीत घुसून एक फोड आणायचा,
चिखल लागलेली, रुमालात, देवासारखी.
सगळ्या जगात भोपळ्याच्याच जातीवर का राग?
दात वाकडे आले. राहू दिले.
गर किसून गूळ घातला, घारगे तळले,
बिया मीठ लावून भाजल्या. वाया काही नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा विहान परवा आलेला,
आजी, मला भूत व्हायचंय, पण पांढरं काहीच नाही.
कपाटात ह्यांचे सात सदरे आहेत.
आषाढापासून मी त्या कपाटाला
फक्त डांबरगोळ्या घालायला हात लावते.
एक काढला.
खालची शिवण उसवली, बाह्या आखूड केल्या,
कात्री पहिल्यांदा चालेना. मग चालली.

आज दार उघडंच ठेवलंय.
जिन्यात आधी कुजबुज, मग चपला,
आणि उंबऱ्यात हे. कमरेएवढे.
भुताखेतांवर ह्यांचा कधीच विश्वास नव्हता.
माझाही नाही.
तरी मी म्हटलं, या. किती वेळ लावलात.

भुतानं दोन घारगे उचलले,
मग छातीवरचा खिसा ओढून दाखवला,
तिथला लाल डाग, तीन धुण्यांत न गेलेला,
आणि डोळे एवढे मोठे करून विचारलं,
आजी, हे खरं रक्त आहे?

नाही रे, म्हटलं.
नववी ब. सहामाहीचे पेपर.