साखळीचा ळ

बिजागरी आधीच मोडली होती.
झाकण भिंतीला टेकवून दोन वर्षं काढली,
मग पडद्यावर एक हिरवी रेघ उभी राहिली, मग सात,
मग काळोख. तरी आत पंखा फिरत होता,
दार लावून घेतलेल्या घरात कुणीतरी वावरावं तसा.

ल आणि ळ त्याच्याही आधी गेले. एकाच बटणावर दोघे.
पालिकेसमोर मी लोकांचे अर्ज टाइप करून देते.
काळ लिहिलं की का उमटायचं,
वेळ लिहिली की वे,
आणि गावाचं नाव, साखळी,
ते दर अर्जाच्या खाली साखी होऊन यायचं.
मग मी काकपद काढून वर पेनाने ळ घालायचे,
प्रत्येक प्रतीवर.

उल्हास म्हणाला, हप्त्यावर नवा घे.
मी करवंटी घेतली, स्क्रू ठेवायला.
अकरा मोठे, चार आखूड,
एक कुठल्याच भोकाचा नसलेला.

तळ उघडला. पंख्याच्या पात्यांवर, जाळीत,
तांब्याच्या नळीच्या बगलेत
तांबडी धूळ. बोटाला मखमलीसारखी.
हा लॅपटॉप बाबांचा. खाणीच्या वजनकाट्यावर ते बसत,
ट्रक चढला की आकडा, उतरला की आकडा.
ब्रशने झाडून काढली तर वर्तमानपत्रावर
चहाच्या चमच्याएवढा डोंगर झाला.
फेकायला उठले आणि काडेपेटीत भरून ठेवली.
का, ते विचारू नका.

बॅटरी फुगली होती, कढईतल्या पुरीसारखी.
ती म्हापशाला आग्नेलने वाळूच्या डब्यात ठेवून घेतली
आणि कुठल्याशा बँकेतून निघालेला मॉनिटर दिला,
चौकोनी, जड, पाठीवर कुणाचा तरी नंबर चिकटवलेला.
म्हणाला, "बोर्ड बरो आसा. घर तेवढें गेलां."

घर म्हणून माटोळीची चौकट उतरवली.
आई म्हणाली, चवथीला परत पाहिजे.
जिथे आटकां, कांगलां, सुपारीचा कात्रो बांधतात
तिथे बोर्ड बांधला,
खाली रबराच्या चकत्या, लाकडाला आच लागू नये म्हणून.
झाकणातल्या अँटेनाच्या दोन तारा, काळी नि पांढरी,
पट्टीवरून सोडल्या. स्पीकर दुसऱ्या करवंटीत; आवाज घुमतो.
चालू करायचं बटण जुन्या कीबोर्डबरोबर गेलं,
तर दाराच्या घंटीचं लावलं.

दाबलं.
क्षणभर काहीच नाही.
मग पंखा, अजिबात न खोकता.
मग पांढरी अक्षरं: घड्याळाचा सेल संपलाय.
तारीख, एक जानेवारी दोन हजार बारा.

बाबा मागे येऊन उभे राहिले.
त्या तारखेला खाणी चालू होत्या. रस्ताभर ट्रकांची रांग,
शाळेतून येताना आमच्या वेण्या तांबड्या.
मला वाटलं, खेपांबद्दल काही बोलतील.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"तारीख चुकल्या, बाय. सुधार."
आणि स्वयंपाकघरातल्या काट्याचा सेल
स्वतःच काढून आणला.
दोन दिवस आई पीठ अंदाजाने घेत होती.

आता नवा कीबोर्ड. पहिल्यांदा तोच टाइप केला, ओळभर,
ळळळळळळळळ,
पोरांनी पारावर बसून पाय हलवावेत तसा.
मग जुने अर्ज उघडले. घरपट्टी, नजोडणी,
नावातली दुरुस्ती, एका विधवेचं पेन्शन,
प्रत्येकाच्या खाली: राहणार साखी.
एका झटक्यात सगळे बदलता येतात.
नाही बदलले.
साखी म्हणजे साक्ष, जुनी माणसं म्हणतात.

करवंटीत तो स्क्रू अजून आहे.
चवथ चार महिन्यांवर आली,
दुसरी चौकट बघायला हवी.