चौथा आणि पाचवा

घड्याळ काढा, पट्टा काढा,
खिशात लोखंडाचं काही असेल तर इथे ठेवा,
हे मी रोज तीस जणांना सांगते.
त्यांनी हातोडी काढून दिली.
इस्पितळात हातोडी घेऊन आलेला
माझा बाप, झेफेरीनो,
बेचाळीस वर्षं लिस्बनच्या फुटपाथांवर
पांढरे आणि काळे खडे बसवणारा.

खडे बसवायचे तर आधी स्वतः बसायचं,
वीतभर उंचीच्या पाटावर, गुडघे छातीशी.
दोन ठोके, तिसऱ्याला फट मिटते.
दिवसाला किती, असं विचारलं की म्हणायचे,
मोजणारा माणूस वेगळा असतो.

दुखणं आलं ते वाळूची गोणी उचलताना नव्हे.
मोजा घालताना आलं, एका मंगळवारी.
वाकले आणि वाकलेलेच राहिले,
डावा मोजा अर्धा.

आई म्हणाली, गार लागलं.
मुकादम क्विन्तेला म्हणाला, वय.
बाबांनी दोघांनाही मान डोलावली
आणि दीड महिना रात्री काढल्या
गुडघ्यांत उशी धरून.
कळ कुल्ल्यातून निघायची,
पोटरीच्या बाहेरच्या कडेने अंगठ्यापर्यंत,
उतारावरच्या ट्रामसारखी, प्रत्येक थांबा घेत.

डॉक्टर सार्मेंतोने त्यांचा पाय सरळ वर उचलला.
चाळिसाव्या अंशाला बाबांनी सगळ्या संतांची नावं घेतली.
टाचांवर चाला, म्हणाली. डावा अंगठा वर येईना.
लघवी नीट होते? मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं?
बाबा खिडकीकडे बघून म्हणाले,
होते. नाही वाटत.
तेव्हा कुठे माझा श्वास सुटला.
उलटं उत्तर आलं असतं तर त्याच रात्री शस्त्रक्रिया,
हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक.

आता मी बटण दाबते.
यंत्र ठोकायला लागतं, ठक ठक ठक,
थोडं थांबून, ठक.
या आवाजाला लोक घाबरतात, बाहेर काढा म्हणतात.
माझा बाप झोपला.
पहिल्यांदाच दुसरं कुणी ठोकत होतं.

हजारो कमरा पाहिल्यात मी या पडद्यावर.
बापाची पाठ उघडी कधी पाहिली नव्हती.
चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती
सुकून काळी, मागे सरकलेली,
एखादा खडा ओळीतून निसटून
येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच देतो
तशी नसेच्या वाटेत.

पण अशाच चकत्या मी त्यांच्याही पाहिल्यात
जे भलत्याच कारणाने आले होते,
जे टेनिस खेळतात,
ज्यांना कंबर आहे हे आठवतही नाही.
चित्र खोटं बोलत नाही, सगळं बोलत नाही.
त्यात तो पाट दिसत नाही.
शेवटचा शिकाऊ पोरगा डिलिव्हरीच्या स्कूटरवर गेला
आणि त्याच्या वाटचे खडेही बाबांनीच बसवले,
तेही नाही.

सार्मेंतो म्हणाली, कापायची घाई नको.
बहुतेक नसा दोन-तीन महिन्यांत शांत होतात.
अंगठा आणखी लुळा पडला तर मात्र लगेच या.
गोळ्या जेवणानंतर. अंथरुण धरू नका.
चाला. रोज. आधी दहा मिनिटं.
कुठे? बाबांनी विचारलं.
ते थट्टा करत नव्हते.
व्हॅनने जायचं, बसायचं, व्हॅनने यायचं,
रस्ता त्यांना हातभर अंतरावरूनच ओळखीचा.

काल अकरा मिनिटं चाललो.
मी म्हणते, समोर बघा, ते पायाखाली बघतात.
हे आमचं काम नाही, फट बघ केवढी.
बेकरीपुढे थांबले. काळ्या खड्यांचं जहाज,
तरुणपणी त्यांनीच बसवलेलं.
उभ्याने आजच पाहिलं.
शिडातला एक खडा तिरका.

वाकायला गेले, मी दंड धरला.
भिंतीला हात लावून, गुडघ्यांतून, सावकाश खाली बसले,
खड्यावरून अंगठा फिरवला.
माझी हातोडी कुठंय?
माझ्या टेबलाच्या खणात आहे.
मी म्हणाले, आठवत नाही.