माशी

वडगावात आमच्या घराच्या भिंती थरथरतात.
सहा माग, सकाळी सातला सुरू.
जेवायला बोलवायचं तर पाच बोटं जुळवून तोंडाशी न्यायची.
लाईट गेली हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी
मुतगेकर सरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मला आधी माझाच श्वास ऐकू आला
आणि मी मागं वळून बघितलं,
कोण आहे म्हणून.

फॉर्मवर वय चौतीस.
खेळाचा अनुभव : जागा रिकामी.
महिनाभर छर्रा मिळाला नाही.
रिकामं पिस्तूल, पांढरी भिंत,
उजवा हात सरळ, खांदा खाली, डावा हात खिशात.
"खिसा नाही सर."
"मग शिवून घे की."
शिवून घेतला. रंग जुळला नाही.

घरी कांड्या भरून झाल्या की
किलोचं वजन हातात धरून उभी राहते.
मागांच्या खडखडाटात सासूबाई भुवया उडवून विचारतात :
कुणाला?
मी हवेत चौकोन काढते.
कागदाला.

"काळं बघूलीस तू," सर म्हणतात. फौजेतला माणूस,
मागं उभा राहून माझी नजर कुठं आहे ते ओळखतो.
"काळं अंधुक राहू दे. नळीच्या टोकावरची माशी बघ.
श्वास घे, अर्धा सोड, थांब."
जे टिपायचं ते अंधुक ठेवायचं,
हे पचायला मला दिवाळी उजाडली.
आयुष्यभर हलत्या ताण्यात
तुटलेला दोरा शोधत आले.
इथं सगळं जागच्या जागी,
हलते ती मीच.

शेजारच्या लेनला शिवलीला. बैलहोंगलची, तेरा वर्षांची,
गालात च्युइंगम.
माझं कन्नड बाजारापुरतं, भाव आणि घासाघीस.
तिचं मराठी म्हणजे फक्त "आक्का".
माझं बोट घोड्यावर पांढरं पडलं की
ती पुटपुटते, "बिडु, आक्का."
सोड.
भाजीवालीनं भाव पाडला नाही की हाच शब्द म्हणते,
राहू दे, जा.
ओढायचं नाही, सुटू द्यायचं.
दोन्ही अर्थ लावून बघितले,
सातच्या वर काही गेलं नाही.

मग रविवारची क्लबची स्पर्धा. वीस छर्रे.
पोटात सहाही माग चालू.
चौदाव्याला काय झालं माहीत नाही,
माशी खाचेत येऊन बसली,
उठलीच नाही.
कधी सुटला ते मलाही कळलं नाही.
सरांनी दुर्बीण लावली. माझ्या कागदावर काहीच नाही.
शिवलीलाच्या कागदावर एक भोक जास्त,
बरोबर मधोमध.

माझ्या जन्मातला पहिला दहा
तिच्या कागदावर.
नियमानं माझ्या नावापुढं शून्य.
ती एवढी हसली की च्युइंगम बाहेर पडलं,
सर खोकल्याच्या आड हसले,
मी खिशातला हात खिशातच ठेवला.

पंधरावा सातात की आठात, वाद झाला.
सरांनी भिंग काढलं.
"कड रेषेला शिवलीय. शिवली की वरचा आकडा."
आमच्या बाजूला रेषेवरून
एवढी वर्षं एवढं झालं,
असं भिंग लावून
वरचा आकडा कुणी दिला नाही.
हे मी मनात म्हटलं. शेडमध्ये बोलायचं नसतं.

एकशे सव्वीस. शेवटून दुसरी.
शेवटचे ते बँकेतले कॅशियर,
दहा छर्रे झाल्यावर चष्मा शोधायला गेले ते आलेच नाहीत.

निघताना शिवलीलानं तिचा कागद माझ्या पिशवीत कोंबला.
माझ्या भोकाभोवती तिनं निळ्या पेनानं गोल केलाय,
खाली कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय.
अजून कुणाकडून वाचून घेतलं नाही.

घरी माग चालूच होते.
नवऱ्यानं हनुवटी उचलली : किती?
मी दहा बोटं दाखवली,
मग एक बोट शेजारच्या मागाकडं.
त्याला कळेना.
त्यानं माग बंद केला, एक.
"काय?"

उरलेल्या पाचांच्या आवाजात
सांगायला म्हणून मी श्वास घेतला,
अर्धा सोडला,
थांबले.