एकटी-दुकटी

गुन्सान. पिवळ्या समुद्रावरचा वारा
नगरपालिकेच्या पायऱ्यांपर्यंत मीठ आणून टाकतो.
माल-सुन बाई आठला येतात, गळ्यात पुठ्ठा:
'रात्रीचा दवाखाना बंद करू नका.'
शेवटच्या 'नका'ला जागा पुरलेली नाही,
तो कडेवरून खाली उतरला आहे.

मी हवालदार. खिशात कायदा, घडी घातलेला,
आणि एक मोजपट्टी.
एक माणूस म्हणजे सभा नव्हे.
त्याला अर्ज नको, पोच नको,
अठ्ठेचाळीस तास आधी कुणाला कळवणं नको.
त्यानं खुशाल उभं राहावं, थिजावं,
राज्यघटना त्याच्या डोक्यावर छत्री धरते.
शेजारी दुसरा आला
की तीच छत्री कागद मागते.

म्हणून हे लोक लांब लांब उभे राहतात.
मासे वाळवणारी चुन-जा, तिच्यापासून वीस पावलांवर
शाळेची बस चालवणारा पांग,
मग एक नर्स, नाव सांगत नाही.
प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर तेच वाक्य.
वरून फोन: ही सभा आहे काय?
मी पट्टी गुंडाळत म्हणतो, चार एकटे आहेत साहेब.

समोर कंत्राटदाराचा कर्णा. त्याचा अर्ज वेळेत आलेला,
शिक्का माझाच.
आवाज मर्यादेच्या काठावर; मी मीटर धरून उभा.
त्याचाही हक्क आहे. दात विचकत का होईना, आहे.
आणि उलटलेली गाडी मी पाहिली आहे,
पाठीत त्या रात्रीचे सहा टाके.
रेषा उगाच आखत नाहीत
हे मला कुणी शिकवायला नको.

दुपारी गारा.
बाईंचे गुडघे वाकले, तशी चुन-जा
जवाचा गरम चहा घेऊन निघाली
आणि निम्म्यात थांबली.
माझ्याकडे बघत.
तिघंही माझ्याकडे बघत.

कप मीच नेला.
गणवेश मोजणीत धरत नाहीत, असा माझा समज.
बाईंनी दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारली,
विचारलं, "पोरा, तू जन्मलास कुठे?"

मागे, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
भरदुपारी एक दिवा जळत राहिलेला.

मी टोपी नीट केली.
उत्तर दिलं असतं
तर आम्ही दोघं झालो असतो.