आ कर

जाळीचा पांढरा पत्रा गरम पाण्यात सोडला
की घावनासारखा लुळा पडतो.
तो मी शब्बीर खोतांच्या तोंडावर ओढून बसवला,
नाक, हनुवटी, कालच दाढी काढलेले गाल,
आणि म्हटलं, चाचा, थंड होईस्तोवर हलायचं नाही.
मस्कतमध्ये मराठी ऐकून ते आतल्या आत हसले असावेत.
मुखवटा तसाच छापला गेला,
डावीकडे जरा वर.

तेहतीस फेऱ्या. शुक्रवार-शनिवार मशीन बंद.
बाहेर पंचेचाळीस अंश, आत सोळा.
ते टेबलाला खिळलेले,
मी तीन हात जाड भिंतीमागे,
कॅमेऱ्यात फक्त त्यांचे तळवे बघत.
मूठ वळली की समजायचं, थुंकी अडलीय.
सुटली की पुढचा किरण.

पुडी कुठून येते, मी विचारलं नव्हतं.
तेच बोलले, एकोणिसाव्या दिवशी,
जीभ सोलून निघालेली, ताकसुद्धा झोंबत असताना:
पापडाच्या डब्यात. बुटाच्या टाचेत.
एकदा तर ईदच्या शेवयांत, कुणाच्या बहिणीने पाठवलेल्या.
‘एसीच्या डक्टमध्ये उताणं पडून काम,
दोन्ही हात गुंतलेले.
गालात काहीतरी आपलं लागतं ना, पोरी.’

शेवटच्या दिवशी लोक मिठाई आणतात.
त्यांनी मुखवटा मागितला.
नियम शोधला. नव्हता.
माझ्या हातच्या लाल फुल्यांसकट
किराणाच्या पिशवीत घालून दिला.

मार्चमध्ये एक पोरगा आला, सुजन राय,
घालाच्या कॅम्पातला, काडीसारखा.
मेसच्या कुपनामागे चिठ्ठी, मराठीत:
डावा गाल, आतून, मागच्या दाढेपाशी पांढरं. बघून घ्या.
म्हणाला, दर गुरुवारी रात्री चाचा उठतात,
खिळ्यावरचा मुखवटा काढून ज्याच्या त्याच्या मांडीवर ठेवतात,
मोबाईलची बॅटरी लावतात.
सोळा खाटा. आ कर. जीभ वर. आता गाल ओढ.
शिव्या खातात. पुन्हा म्हणतात, आ कर.
त्यांचं स्वतःचं तोंड
आता दोनच बोटं उघडतं.

तुकडा तपासला. रंग बदलला होता,
मुळं धरली नव्हती अजून.
अर्ध्या तासाचं काम, चार टाके,
माझ्या खोलीपर्यंत पोरगा आलाच नाही.
जे पसरत नाही
त्याची फाइल पातळ असते आमच्याकडे,
कपाटात पटकन सापडत नाही.

त्या रात्री संगमेश्वरला व्हिडिओ लावला.
आईचं बोट काळं, नेहमीसारखं,
मशेरीची डबी मांडीआड सरकवलेली.
म्हटलं, उजेडात ये. आ कर.
‘दात पडायला आले, आता काय बघतेस त्यात?’
आणि फोन तिने उलटा ठेवला.
मला वासे दिसले, पंखा दिसला.
बऱ्याच वेळाने कुठूनसा आवाज:
जेवलीस का?
म्हटलं, आधी आ कर.
पंखा फिरत राहिला.
मी फोन ठेवला नाही.